टोकियोच्या उन्हाळ्यात टाय काढल्याने खरंच वीज वाचते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या आयटी कंपनीतून तुमची टोकियोच्या ऑफिसात बदली झाली आहे आणि जुलैमध्ये रुजू व्हायचं आहे. कंपनीच्या पत्रात लिहिलं आहे की उन्हाळ्यात इथे 'कूल बिझ' (टाय-कोट न घालता हलक्या कपड्यांत काम करण्याची सरकारी मोहीम) पाळतात आणि खोलीचं तापमान २८ अंश ठेवतात. सूट-टाय विकत घ्यावेत का, २८ अंशांत दिवसभर डोकं चालतं का, आणि यातून वीज खरंच वाचते की हा फक्त सरकारी उपक्रम आहे, असं तुम्ही विचारलं आहे.

जपानमधल्या ऑफिस-इमारतींचं वातानुकूलन आणि विजेचा हिशोब हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे शेवटचा प्रश्न आधी घेतो, कपड्यांचं उत्तर त्यातूनच निघतं. वीज वाचते. पण ती टाय काढल्यामुळे वाचत नाही. टाय आणि कोट उतरवल्यावर माणूस जरा जास्त तापमानात आरामात बसू शकतो, मग एसीचं तापमान वर नेता येतं, आणि वीज तिथे वाचते. हा मधला दुवा तुटला की काहीच उरत नाही. मी अशी ऑफिसं पाहिली आहेत जिथे सगळे बिनटायचे बसलेत आणि एसी मात्र २३ वर आहे. याच्या उलट प्रकारही पाहिला आहे: वरच्यांचे कोट अंगावर तसेच, म्हणून खालच्यांचेही तसेच, आणि भिंतीवर २८ चा कागद. पहिल्या प्रकारात वीज जाते, दुसऱ्यात माणसं भाजून निघतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण इथले नियम असे का आहेत ते त्याशिवाय कळणार नाही.

१९७९ साली दुसरं तेलसंकट आलं तेव्हा पंतप्रधान मासायोशी ओहिरा यांच्या सरकारने 'ऊर्जाबचतीचा पेहराव' लोकांपुढे ठेवला. सफारीसारखा अर्ध्या बाह्यांचा सूट होता तो. ओहिरांनी स्वतः घालून दाखवला, पण लोकांनी तो उचलला नाही. पुढे १९९४ मध्ये पंतप्रधान झालेले त्सुतोमु हाता मात्र अर्ध्या बाह्यांचा सूट वर्षानुवर्षं निष्ठेने घालत राहिले. ती मोहीम का फसली याची बरीच कारणं सांगितली जातात. माझ्या मते मुख्य कारण हे की तिने लोकांना एक नवा कपडा विकत घ्यायला सांगितलं, आणि तो कपडा घालून ऑफिसात शिरणारा माणूस एकटाच वेगळा दिसायचा.

२००५ मध्ये पर्यावरणमंत्री युरिको कोइके (आज त्या टोकियोच्या राज्यपाल आहेत) यांनी हेच काम उलट्या बाजूने केलं. हवामानबदल रोखण्यासाठीचा क्योतो करार त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला अमलात आला होता. १९९० च्या तुलनेत उत्सर्जन ६ टक्के खाली आणायची जबाबदारी जपानवर होती. कोइकेंनी नवा कपडा सांगितला नाही, अंगावरचा काढायला सांगितला. १ जूनपासून टाय नको, कोट नको, एसी २८ अंशांवर. तारीखही विचारपूर्वक निवडलेली होती. जपानमध्ये शाळांचे आणि नोकरीतले गणवेश १ जूनला उन्हाळी आणि १ ऑक्टोबरला हिवाळी होतात, ही जुनी चाल आहे. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या दिवसालाच नवी सवय जोडून दिली. नावही लोकांकडून स्पर्धा घेऊन मागवलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवात वरून झाली. पंतप्रधान जुनइचिरो कोइझुमी ओकिनावात शिवलेला निळा शर्ट घालून घराबाहेर पडले आणि तसेच कॅमेऱ्यांसमोर गेले. मंत्री बिनटायचे दिसू लागले. आइची इथे तेव्हा जागतिक प्रदर्शन चालू होतं. तिथे भरलेल्या कूल बिझच्या फॅशन शोमध्ये टोयोटाचे आणि उद्योगपतींच्या महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी ओकुदा स्वतः मॉडेल म्हणून चालले. टोयोटाच्या अध्यक्षांनी टाय काढलेला सगळ्या देशाने पाहिल्यावर त्यांच्या पुरवठादाराला टाय न लावता बैठकीला जाण्याची मुभा मिळाली. जपानी ऑफिसात टाय ही समोरच्याला दिलेल्या मानाची खूण आहे. ती खूण उतरवायची परवानगी मान घेणाऱ्यानेच द्यायची असते, देणारा ती स्वतःहून घेऊ शकत नाही. टाय बनवणाऱ्यांच्या संघटनेने सरकारकडे तक्रार केली, त्यांचा धंदा खरोखर बसत होता, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती तक्रार रास्तच होती. पण बदल थांबला नाही.

पर्यावरण मंत्रालयाच्या अंदाजानुसार पहिल्या उन्हाळ्यात ४ लाख ६० हजार टन कार्बन डायऑक्साइड कमी झाला आणि २००६ मध्ये ११ लाख ४० हजार टन. हे आकडे सगळीकडे उद्धृत होतात. मी ते जपून वापरतो. तुमच्या ऑफिसात एसीचं तापमान वाढवलं का, असं लोकांना विचारून केलेल्या पाहणीवर ते उभे आहेत. प्रत्येक इमारतीचा मीटर कुणी वाचलेला नव्हता. दिशा खरी आहे, दशांश चिन्हापर्यंत विश्वास ठेवायचं कारण नाही.

मीटरवर दिसलेली गोष्ट हवी असेल तर २०११ कडे पाहा. ११ मार्चच्या भूकंपानंतर फुकुशिमा दाइइची हे अणुवीज केंद्र बंद पडलं, किनाऱ्यावरची औष्णिक केंद्रंही कोलमडली. पश्चिम जपानकडून वीज आणावी म्हटलं तर तीही फारशी येईना. पूर्व जपानमध्ये वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झची आहे. दोन्हींच्या मधली रूपांतर केंद्रं तेव्हा जेमतेम १० लाख किलोवॉट इकडून तिकडे नेऊ शकत होती. टोकियो आणि तोहोकु विभागांना वापर १५ टक्के कमी करायचा होता. ५०० किलोवॉट आणि त्यावरच्या ग्राहकांना तर १ जुलैपासून तसा कायदेशीर आदेशच होता, मोडला तर १० लाख येनपर्यंत दंड. १९७४ नंतर असा आदेश पहिल्यांदाच निघाला होता.

त्या उन्हाळ्यात पर्यावरण मंत्रालयाने 'सुपर कूल बिझ' आणलं. पोलो शर्ट, हवाई छापाचे शर्ट, कॅनव्हासचे बूट चालतील असं जाहीर झालं. मोटार कारखान्यांनी गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवार काम केलं, म्हणजे आठवड्यातला भार पसरला. स्टेशनांवरचे सरकते जिने थांबले, दुकानांमधले दिवे निम्मे झाले. टोकियो इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या क्षेत्रात २०१० च्या उन्हाळ्यातली कमाल मागणी ५ कोटी ९९ लाख किलोवॉट होती. २०११ मध्ये ती १८ ऑगस्टला ४ कोटी ९२ लाखांवर थांबली. सुमारे १८ टक्के घट झाली, आणि आदेश ठरल्या मुदतीच्या आधीच मागे घेता आला. तो उन्हाळा २०१० इतका कडक नव्हता हे खरं आहे. तरीही माझ्या कामाच्या क्षेत्रात माणसांनी मिळून इतकी मोठी गोष्ट केलेली मला दुसरी माहीत नाही, आणि तिच्याबद्दल बोलताना मला अजूनही भरून येतं.

मात्र त्या घटीतला कपड्यांचा वाटा किती, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. त्या वर्षी अर्थव्यवहार मंत्रालयाने ऑफिस-इमारतींसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात उन्हाळी दुपारच्या विजेची वाटणी अशी दिली होती: वातानुकूलन सुमारे ४८ टक्के, दिवे २४ टक्के, संगणक-प्रिंटर वगैरे १६ टक्के, बाकी लिफ्ट इत्यादी. आणि उपायांपुढे अंदाजे बचत लिहिली होती. खोली २६ वरून २८ अंशांवर नेली तर इमारतीची सुमारे ४ टक्के वीज वाचते. कामाच्या जागेतले निम्मे दिवे काढले तर सुमारे १३ टक्के.

हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो. दोन अंशांचा घाम सोसून ४ टक्के, आणि दिव्यांच्या नळ्या काढून त्याच्या तिप्पट! कारण त्या काळात जपानी ऑफिसांमध्ये टेबलावर ७५० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) लखलखाट असे. फ्लुरोसंट नळी वीज खाते ती खातेच, शिवाय ती वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते आणि एसीला ती पुन्हा बाहेर फेकावी लागते. आज बहुतेक ठिकाणी एलईडी आहेत, त्यामुळे दिव्यांमधून मिळणारी बचत बरीचशी पदरात पडून गेली आहे, आणि तापमानाचं महत्त्व तुलनेने वाढलं आहे. तरीही कुणी व्यवस्थापक मला विचारतो की आम्ही २८ वर जाऊ का, तेव्हा मी आधी पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे, रिकाम्या मीटिंग रूममधला चालू एसी आणि बाहेरून घेतल्या जाणाऱ्या हवेचं प्रमाण पाहायला सांगतो. ऑगस्टमध्ये बाहेरची दमट हवा थंड आणि कोरडी करायला प्रचंड वीज लागते. कायद्याप्रमाणे खोलीत कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भागांच्या) खाली ठेवायचा असतो. कित्येक इमारती निम्मी माणसं घरून काम करत असतानाही जुन्याच हिशोबाने हवा घेत राहतात आणि खोलीत ६०० च्या आसपास आकडा असतो. तिथे कुणाच्याही अंगावर घाम न आणता वीज वाचवता येते.

आता २८ अंशांकडे येतो. सगळ्यात जास्त गोंधळ याच आकड्याचा आहे.

हा आकडा रिमोटवर टाकायचा नाही. तो खोलीच्या तापमानाचा आहे, आणि पर्यावरण मंत्रालयही आता हे वारंवार सांगतं. तो आला कुठून? मोठ्या इमारतींच्या आरोग्यविषयक १९७० च्या कायद्यात खोलीचं तापमान १७ ते २८ अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के असावी असं मानक आहे. २०२२ मध्ये खालची मर्यादा १८ केली, वरची २८ च राहिली. म्हणजे २८ ही कमाल मर्यादा आहे. मोहिमेने तीच लक्ष्य म्हणून घेतली. २००५ मध्ये पर्यावरण मंत्रालयात या कामावर असलेले मासाहितो मोरियामा २०१७ मध्ये न्याय खात्याचे उपमंत्री होते. त्यांनी तेव्हा उघडपणे सांगितलं की २८ हा आकडा शास्त्रीय आधाराने ठरला नव्हता, साधारण अंदाजाने सुरुवात झाली होती. बरीच चर्चा झाली, आकडा तेव्हा बदलला नाही.

इमारतीत प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. छतातल्या एसीचा सेन्सर बहुधा छतापाशी परत येणाऱ्या हवेचं तापमान मोजतो. तुमच्या टेबलावरचं तापमान त्याला माहीत नसतं. खिडकीशेजारी बसलेल्याला दुपारी तीन वाजता ३० अंश असतील, हवेच्या झोताखाली बसलेलीला २५. दोघांसाठी भिंतीवर एकच आकडा. म्हणून माझा पहिला उपाय कायम एकच असतो. साधे, आर्द्रताही दाखवणारे थर्मामीटर विकत घ्या आणि माणसं जिथे बसतात तिथे टेबलांवर ठेवा. आठवडाभर आकडे लिहून काढा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कारण दोन्ही बाजू खरं बोलत होत्या हे दिसतं.

आर्द्रतेचं तर विचारूच नका. पुण्याच्या एप्रिलात ३८ अंश असतात पण घाम वाळतो. टोकियोच्या ऑगस्टचं सरासरी कमाल तापमान ३१ च्या आसपास आणि आर्द्रता ७४ टक्के, म्हणजे तो मुंबईच्या जवळचा. जपानमध्ये हवा किती असह्य आहे हे मोजायला तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तो हिशोब केला तर २८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता ही खोली, २६ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या खोलीइतकीच भासते, दोन्हीकडे आकडा ७५ च्या थोडा वर. पण २८ आणि ७० एकत्र आले की तो ७८ च्या पुढे जातो आणि लोक पुठ्ठ्याने वारा घ्यायला लागतात. आणि नेमकं हेच घडतं. सेटिंग २८ वर नेलं की कॉम्प्रेसर वारंवार थांबतो. थांबला की आर्द्रता शोषली जात नाही, आणि तापमान पाळलं जात असताना खोली दमट होत जाते. तेव्हा २८ असह्य होतात असं कुणी म्हणालं तर मी आधी आर्द्रतेचा आकडा विचारतो. ती ५० ते ५५ मध्ये ठेवता येत असेल आणि टेबलावर छोटा पंखा असेल, तर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात २७-२८ अंशांत काम होतं. वाऱ्याच्या हलक्या झुळकेनेही सुमारे दोन अंशांचा फरक भासतो.

कपड्यांचाही तसाच हिशोब आहे. वातानुकूलनाच्या शास्त्रात कपड्यांचा उबदारपणा 'क्लो' या एककात मोजतात. पूर्ण सूट आणि टाय म्हणजे साधारण १ क्लो, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पातळ पँट ०.५ च्या आसपास. एवढ्या फरकाने आरामदायक वाटणारं तापमान दोन ते तीन अंशांनी वर सरकतं. मंत्रालय टाय-कोटाबद्दल २ अंश सांगतं, ते पटण्यासारखं आहे. याचाच दुसरा अर्थ असा की सूट घातलेल्या पुरुषांना बरं वाटेल अशी थंडी ठेवलेल्या खोलीत पातळ ब्लाउजमध्ये बसलेल्या बायका वर्षानुवर्षं कुडकुडत होत्या. उन्हाळ्यात मांडीवर पांघरूण आणि खांद्यावर स्वेटर, हे दृश्य इथल्या ऑफिसांत अगदी नेहमीचं होतं. कूल बिझचा हा फायदा कमी बोलला जातो. मला तो कार्बनच्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

डोकं चालतं का, या प्रश्नाला मात्र मी प्रामाणिकपणे 'कमी चालतं' असं उत्तर देईन, जर खोली खरोखर २८ च्या पुढे जात असेल तर. वासेदा विद्यापीठाच्या शिनइची तानाबे यांच्या गटाने एका कॉल सेंटरमध्ये वर्षभर मोजमाप केलं. खोली २५ वरून २६ अंशांवर गेली तेव्हा घेतल्या जाणाऱ्या कॉलचं प्रमाण १.९ टक्क्यांनी घटलं. हिमेजी शहराच्या नगरपालिकेने २०१९ च्या उन्हाळ्यात २८ सोडून २५ अंशांचा प्रयोग केला. महापौर स्वतः डॉक्टर. विजेचा आणि गॅसचा खर्च किरकोळ वाढला आणि जादा कामाचे तास माणशी महिन्याला सरासरी जवळपास ३ तासांनी घटले. एका उन्हाळ्याच्या एका इमारतीवरून सगळं श्रेय तापमानाला द्यायला मी कचरतो, कारण तास कमी करण्याच्या इतर मोहिमाही तेव्हा देशभर चालू होत्या. पण एक गोष्ट पक्की आहे: ऑफिसात विजेच्या तुलनेत माणसाच्या तासाची किंमत फार मोठी असते. दोन अंश वाचवून माणसं रात्री नऊपर्यंत बसली तर दिवे, संगणक आणि एसी सगळेच तीन तास जास्त चालतात. मी स्वतः कारकुनी आणि प्रोग्रामिंगच्या कामाला टेबलावर २६ ते २७ अंश, आर्द्रता ५०-५५, पंखा आणि हलके कपडे, असं सुचवतो.

शिवाय २००५ चा उन्हाळा आता राहिलेला नाही. २०१८ मध्ये कुमागायाला ४१.१ अंशांची नोंद झाली तेव्हा तो देशाचा विक्रम होता. २०२५ च्या ५ ऑगस्टला गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीला ४१.८ नोंदले गेले. त्याच वर्षी १ जूनपासून उष्माघाताबाबत मालकांवर कायदेशीर जबाबदारी आली: तापमान ३१ अंश किंवा उष्णता-निर्देशांक २८ असलेल्या जागी सलग तासभर किंवा त्याहून जास्त, किंवा दिवसात चार तासांहून अधिक काम असेल तर त्रास झालेल्याची खबर कुणाला द्यायची, त्याला थंड कसं करायचं, दवाखान्यात कसं न्यायचं हे आधी ठरवून सगळ्यांना सांगितलेलं असलं पाहिजे. या नियमातला २८ आणि खोलीचा २८ वेगळे आहेत, उष्णता-निर्देशांकात आर्द्रता आणि उन्हाची धग मिसळलेली असते. ऑफिसापेक्षा हा नियम बांधकाम, गोदामं, कारखाने यांना लागतो. तिथे पाठीवर दोन छोटे पंखे बसवलेली जाकिटं दिसतील. सोनीत काम केलेले अभियंता हिरोशी इचिगाया यांनी ती २००४ मध्ये बाजारात आणली, आणि मला विचाराल तर जपानी उन्हाळ्यातला हा सगळ्यात उपयोगी शोध आहे.

वीज कधी वाचवायची, हेही बदललं आहे. २०११ मध्ये कळीची वेळ दुपारी दोनची होती. आता छपरांवर आणि माळांवर इतके सौर पॅनेल आहेत की भर दुपारी पुरवठा बरा असतो आणि ओढाताण ऊन उतरल्यावर होते. २०२२ च्या जूनअखेर टोकियो क्षेत्राला तुटवड्याचा इशारा मिळाला तेव्हा अडचण संध्याकाळच्या तासांचीच होती. म्हणून दुपारी घामेजून बसण्यापेक्षा चार वाजेपर्यंत खोली नीट थंड ठेवा, पडदे वेळेवर ओढा आणि सहाला दिवे बंद करून घरी जा. देशाच्या विजेला त्याचा जास्त उपयोग आहे. तसं जाणं तुम्हाला सोयीचंही ठरेल. टोकियोतल्या अनेक भाड्याच्या इमारतींमध्ये मध्यवर्ती एसी संध्याकाळी सहाला बंद होतो. पुढे हवा असेल तर भाडेकरू कंपनीने दुपारीच इमारतीच्या व्यवस्थापनाकडे मागणी नोंदवायची आणि तासाप्रमाणे पैसे भरायचे. पुण्याशी संध्याकाळच्या कॉलवर बसणाऱ्या टीमची हमखास इथेच गैरसोय होते. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ही वेळ आणि मागणी नोंदवायची पद्धत विचारून घ्या.

आता खरेदी. उन्हाळ्यासाठी नवा सूट घेऊ नका. एक गडद निळा, पातळ, अस्तर कमी असलेला कोट आणि एक साधा टाय पुरे. कोट ऑफिसातल्या कपाटात टांगून ठेवायचा, टाय बॅगेत. शर्ट मात्र नीट निवडा. टायशिवाय नेहमीच्या शर्टाची कॉलर पडते आणि माणूस दमून आल्यासारखा दिसतो. कॉलरला बटणं असलेले किंवा कडक कॉलरचे अर्ध्या बाह्यांचे पाच-सहा शर्ट घ्या. आत घाम शोषणारं पातळ बनियन हवंच, आणि ते पांढरं नको, फिकट राखाडी किंवा कातडीच्या रंगाचं घ्या, पांढऱ्या शर्टातून ते दिसत नाही. पँट पातळ, चुरगळत नाही अशा कापडाची. आयटी कंपन्यांत पोलो शर्ट आणि स्नीकर्स बहुतेक ठिकाणी चालतात. पहिले तीन दिवस शर्ट घालून जा, आजूबाजूला पाहा, मग ठरवा.

ग्राहकाकडे जाताना नियम वेगळा. बँक, विमा, सरकारी खातं असेल तर कोट हातात घेऊन जा आणि दारापाशी अंगात घाला. समोरच्याने 'कोट काढा ना' म्हटलं की काढा. निमंत्रणात 'हलक्या पेहरावात यावे' असं लिहिलेलं असलं तरी पहिल्या भेटीला कोट सोबत असू द्या. स्वतः कुणाला बोलावणार असाल तर ईमेलमध्येच लिहा की आमच्याकडे कूल बिझ आहे, आपणही टायशिवाय या. पाहुण्याला त्याची खरोखर मदत होते. २०२१ पासून पर्यावरण मंत्रालयाने देशभराची एकच मुदत सांगणं थांबवलं आहे, आपापल्या हवामानाप्रमाणे ठरवा म्हणतात, त्यामुळे तुमच्या कंपनीच्या तारखा पत्रातूनच पाहा.

बायकांसाठी लेखी नियम बहुधा नसतोच, कारण सगळी चर्चा टायभोवती झाली. सुती कुर्ती आणि पँट बिनदिक्कत चालते, बिनबाह्यांची असेल तर वर पातळ जाकीट ठेवा, झोताखालच्या जागेत त्याचा उपयोगच होतो. जागाच बदलून मागायला संकोच करू नका, किंवा छतातल्या झोताची पाती वळवून द्या असं इमारतीच्या माणसाला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

निशी-कासाईला राहणार असाल, बरेच मराठी लोक राहतात, तर तोझाई मार्गाची सकाळची गर्दी आणि स्टेशनपर्यंतचं चालणं यातच शर्ट भिजतो. ऑफिसात पोचल्यावर लगेच एसीखाली उभं राहू नका. स्वच्छतागृहात जाऊन घाम पुसा, दुकानांत त्यासाठीचे ओले कागद मिळतात, आणि एक कोरडा शर्ट कपाटात असू द्या. घामाच्या वासाबद्दल इथे कुणी तोंडावर बोलणार नाही, पण लक्षात ठेवतात. गाड्यांमध्ये सौम्य थंडीचा एक डबा असतो, तो एक-दोन अंश उबदार असतो. भिजलेल्या अंगाने गारठा बाधत असेल तर तो निवडा.

शेवटचं घराबद्दल, कारण पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा कदाचित राहायला येतील. ऑफिसातला २८ घरी त्यांना लागू करू नका. इथे उष्माघाताने जाणारी बरीच वयस्कर माणसं घरातच, एसी बंद असलेल्या खोलीत सापडतात. वयानुसार उकाड्याची आणि तहानेची जाणीव मंद होते आणि विजेच्या काळजीने तीच पिढी एसी बंद करते. रात्री पारा २५ च्या खाली न येण्याचे दिवस टोकियोत आता कितीतरी असतात. त्यांच्या उशाशी थर्मामीटर ठेवा, २६-२७ वर एसी रात्रभर चालू द्या, आणि ते झोपल्यावर रिमोट तुमच्याकडे असू द्या.